घोटीहून वर्षाचा तांदूळ

दिवाळीचा फराळ संपत आला की नाशिकमध्ये घराघरांत इगतपुरी तालुक्यातल्या घोटीच्या तांदळाची चौकशी सुरू होते. कुणाचा भाचा गोंद्याला कंपनीत असतो, कुणाची बहीण इगतपुरीला दिलेली असते. "नवा आला का गं बाजारात?" म्हणून फोन जातात. आमच्याकडे मात्र सासूबाई संक्रांत जवळ आल्याशिवाय कुणाला हलू देत नाहीत. सोंगणी म्हणजे कापणी झाली, पेंढ्यांच्या उडव्या रचल्या, झोडणी झाली, तरी भात लगेच गिरणीत घालण्याजोगा होत नाही. दाण्यात ओल राहिली तर गिरणीच्या रबरी रोलरांत तो चिरडतो, आणि फार कडक वाळला तर तडकतो. सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओल चालते, पण गिरणीवाले ती १३-१४वर आल्याशिवाय खूश नसतात. सासूबाईंना टक्के ठाऊक नाहीत. त्या दाणा दाताखाली धरतात.

यंदा त्यांनी आणखी थोडं थांबवलं. ऐन सोंगणीत पाऊस आला. सोंगून शेतात पसरलेला भात भिजला, उन्हानं वाळला, पुन्हा भिजला. असा दाणा बाहेरून धड दिसतो, आत त्याला बारीक चिरा गेलेल्या असतात आणि त्या कळतात गिरणीत गेल्यावर. म्हणून तांदूळ न घेता भातच घ्यायचा आणि तो आपल्या डोळ्यांसमोर भरडून घ्यायचा, असं त्यांनी जाहीर केलं. तयार तांदूळ म्हणजे दुसऱ्यानं निवडून, झिलई करून, चांगल्यात वाईट मिसळून ठेवलेला माल, असा त्यांचा पक्का समज आहे. तो सगळाच खरा नाही, पण अगदी खोटाही नाही.

आमच्या इमारतीतल्या चार घरांनी मिळून सहा क्विंटल भात घ्यायचा ठरवला. पैसे गोळा झाले. कुणाला इंद्रायणी हवी, कुणाला "भाताला भात चिकटायला नको" म्हणून दुसरं काही. शेवटी पाच क्विंटल इंद्रायणी आणि एक क्विंटल हजार आठ यावर तडजोड झाली. हजार आठ म्हणजे १००८ हे वाण. घोटीत "एक हजार आठ" असं पूर्ण कुणी म्हणत नाही, "हजार आठ कसा दिला?" एवढंच विचारायचं.

सकाळी मुंबई नाक्याजवळच्या महामार्ग बसस्थानकावरून एसटी पकडली. येताना माल छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या टेम्पोत, येणार होता, मग जाताना कशाला गाडी काढायची? बस पांडवलेण्यांच्या पायथ्यावरून निघाली की मला दर वेळी वाटतं, बाजारहाटाला निघालेल्या माणसानं त्या डोंगराकडे एकदा मान वर करून बघावं. तिथल्या १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यानं भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथं धर्मशाळा बांधल्या. शूर्पारक म्हणजे आजचं नालासोपारा, घाटाखालचं बंदर. त्यानं कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० आणि दुसरीकडे १००० कार्षापण नाणी व्याजानं ठेवली आणि त्या व्याजातून भिक्षूंची सोय लावली, हेही दगडात कोरलेलं आहे. म्हणजे बंदरातला माल घाट चढून या बाजूला येणं आणि त्यावर इथल्या पेठा चालणं, ही गोष्ट जवळजवळ दोन हजार वर्षांची. विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे, मुंढेगाव करत आमची बस त्याच वाटेनं उलटी चालली होती.

घोटीत बघण्यासारखं काय आहे, असं पाहुण्यांनी विचारलं तर पंचाईत होते. ना नदीकाठचा घाट, ना नाव घेण्याजोगा वाडा. महामार्गाची धूळ, गिरण्यांची पन्हाळी पत्र्यांची छपरं, आणि दक्षिणेला आभाळ अडवून उभा असलेला सह्याद्री. हवा स्वच्छ असली तर कळसूबाईचं टोक सहज ओळखू येतं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. त्याच्या उजव्या हाताला अलंग, मदन, कुलंग एका रांगेत. पावसाळ्यात हे सगळं ढगात जातं आणि मग ढग तालुक्यावर रिकामे होतात. सिन्नरला वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक बरं म्हणतात, इगतपुरीत तो तीन हजाराच्या घरात जातो. एकाच जिल्ह्यात लासलगावला कांदा, निफाडला द्राक्षं आणि इथं गुडघाभर चिखलात आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, याचं कारण हे डोंगर.

इगतपुरी रेल्वेनं वाढवली. १८६५ मध्ये थळ घाटातून गाडी वर आली आणि तिथं इंजिनं, शेड, क्वार्टर्स, साहेबांचे बंगले झाले. तिथून आठ-दहा किलोमीटर अलीकडे घोटी, ती व्यापाऱ्यांची. डोंगरकपारीच्या वाड्यांतला भात इथं उतरायचा, इथं भरडला जायचा आणि इथूनच रेल्वेनं नाहीतर आग्रा रोडनं बाहेर जायचा. आजही चित्र फारसं वेगळं नाही, ट्रक मोठे झाले एवढंच.

आम्ही मुद्दाम आठवडे बाजाराच्या दिवशी गेलो होतो. गिरणीत जायच्या आधी बाजारात एक फेरी मारायचीच, हा सासूबाईंचा शिरस्ता. भाव बाजारात कळतो, गिरणीत सांगतात तो भाव नव्हे, असं त्या म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बायका पोतं अंथरून बसलेल्या. महादेव कोळी, ठाकर वाड्यांवरून पहाटे निघून आलेल्या. समोर नागली, वरई, खुरासणी, कुळीथ, पावट्याच्या शेंगा. इलेक्ट्रॉनिक काटा सगळ्या दुकानांत आलाय, पण या बायकांपाशी अजून शेर आणि पायली दिसते. माप भरून वर शीग लावायची आणि ती शीग हातानं हळूच सपाट करायची की तशीच ठेवायची, यावर गिऱ्हाइकाशी वाद. पलीकडे सुकट-बोंबलाचा वास, तो रस्ता न विचारताही सापडतो. घाटाखालची मासळी आणि घाटावरचं धान्य एकाच गल्लीत. विळे-कोयत्यांची दुकानं, बांबूच्या टोपल्या, सुपं. सासूबाईंनी एक सूप घेतलं. घरी दोन आहेत. "त्यांचा विणीचा हात मेलाय," म्हणाल्या. मी गप्प राहिले.

एका शेतकरीणबाईनं भाताचं एक पोतं उघडून ठेवलं होतं. सासूबाई तिथं उकिडव्या बसल्या आणि खरं काम सुरू झालं.

आधी मूठभर भात घेऊन तो दुसऱ्या हातावर हळूहळू सोडायचा. पोचट दाणा हलका, तो वाऱ्यानं बाजूला पडतो. मग चार दाणे तळहातावर चोळून टरफल काढायचं आणि आतला तांदूळ उजेडात धरायचा. पोटात पांढरा ठिपका दिसला तर दाणा कच्चा भरलेला, तो शिजताना फुटणार. आडवी रेघ दिसली तर चीर. लाल दाणे किती, तेही बघायचं. मग वास. ओल खाल्लेल्या भाताला कुबट वास येतो आणि तो कितीही धुतला तरी शिजल्यावर पुन्हा ताटात येतो. शेवटी दात. दाणा टचकन तुटला पाहिजे, दबला तर ओला.

"औंदा पान्यानं खेळ केला मावशी," बाई म्हणाली. "पर हा खळ्यावरला न्हाय, घरात आनून वाळावल्याला हाये."

सासूबाईंनी दाणा चावला. मान डोलावली नाही, नकारही दिला नाही. "गाव कुठलं?" विचारलं. बाईनं टाकेदच्या बाजूचं नाव सांगितलं. "तिकडं पाऊस उशिरा आला ना?" असं म्हणत त्यांनी दुसरी मूठ पोत्याच्या तळातून काढली. वरचा माल नेहमीच चांगला असतो, तळातलाच खरं सांगतो.

तिथून आम्ही तीनच पोती घेतली, कारण तिच्याकडे तेवढीच होती. घासाघीस झाली, पण फार नाही. यंदा, म्हणजे २०२५-२६ च्या हंगामात, साधारण भाताचा सरकारी हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. इंद्रायणी बाजारात त्याच्या वर जाते, म्हणून ती सरकारी केंद्रावर सहसा कुणी नेत नाही. आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर जातो तो मुख्यतः बाकीचा भात. ज्याच्या घरात रोख पैशाची निकड असते, तो मात्र केंद्राची वाट न बघता मिळेल त्या भावानं व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. भाव ठरवताना हे मनात असलं की फार ताणवत नाही. उरलेली इंद्रायणी आणि हजार आठ एका जुन्या व्यापाऱ्याच्या गाळ्यातून घेतला. तिथं काटा, हमाली, तोलाई सगळं रीतसर. सासूबाईंनी तिथंही प्रत्येक पोत्यात बंबी खुपसायला लावली. बंबी म्हणजे पोत्यात टोचून आतला माल बाहेर काढायची पोकळ टोकदार नळी. गाळ्यावरचा पोरगा वैतागला, त्याचे वडील हसत होते.

आता गिरणी. नंबर दुपारनंतरचा लागला. चांगल्या गिरणीत जानेवारीत असंच होतं आणि जिथं लगेच नंबर लागतो तिथं का लागतो, हा प्रश्न स्वतःला विचारून घ्यावा. सासूबाईंनी गिरणीच्या दारात प्लॅस्टिकची खुर्ची मागवली आणि आमच्या पोत्यांना पाठ टेकून बसल्या. घोटीतच राहणारा माझा मामेभाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. "चला, भावलीचं धरण बघून येऊ," म्हणाला. सासूबाईंनी जागचं हलायला साफ नकार दिला. "आपला भात दुसऱ्याच्यात गेला म्हणजे? तुम्ही जा. पाणी काय, पाणीच असतं."

ही भीती अनाठायी नाही. यंत्राच्या पोटात, एलिव्हेटरच्या डब्यांत आधीच्या गिऱ्हाइकाचा थोडा माल राहतोच. चांगला गिरणीवाला यंत्र मोकळं चालवून घेतो आणि पहिले काही किलो वेगळे काढतो. समोर कुणी बसलेलं असलं की हे हमखास होतं.

भावलीकडे जाताना दोन्ही बाजूंना रिकामी खाचरं, सोंगलेल्या भाताचे बुडखे आणि मधूनच ओलीवर पेरलेला हरभरा, मसूर. दारणा नदी वरच्या बाजूला भावलीच्या धरणात अडते, पुढे खाली दारणा धरणात. ते दुसरं धरण इंग्रजांनी १९१६ मध्ये पूर्ण केलं, जुन्या कागदांत त्या जलाशयाचं नाव लेक बील. मागे सह्याद्रीची भिंत, पुढे निळंशार पाणी, जानेवारीतली कोवळी थंडी. सुंदर आहे, यात वाद नाही. पावसाळ्यात इथं शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. रस्त्याच्या कडेला "लेक व्ह्यू" प्लॉटचे फलक बघितले की ते लक्षात येतं.

मामेभाऊ बोलता बोलता हिशोब सांगत होता. वैतरणेचं पाणी मुंबईला. दारणेचं नांदूर मध्यमेश्वरच्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे, आणि तुटीच्या वर्षी जायकवाडीला. मुकणे धरणाचं थेट जलवाहिनीनं नाशिकच्या नळाला. "आणि आमच्या वाड्यांना मे महिन्यात टँकर," असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली. तो चिडून नव्हता बोलत. मी मात्र आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाकडे यापुढे जरा वेगळ्या नजरेनं बघेन. एवढ्या पावसातलं पाणी थांबत नाही, कारण खाली कातळ आहे आणि वर उतार. भात त्या चार महिन्यांतच उरकून घ्यावा लागतो. मे महिन्यात राब भाजायचे, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, पहिल्या पावसाला रोपं टाकायची, जुलैत आवणी. पाऊस अडला तर रोप पिवळं पडतं, पडत राहिला तर कुजतं.

परतताना घोटीत भेळभत्ता खाल्ला, सासूबाईंसाठी पुडी बांधून घेतली आणि गिरणीत पोचलो तेव्हा आमचा नंबर लागत होता.

ज्यांनी गिरणी आतून बघितली नाही त्यांनी एकदा बघावी. कानठळ्या बसतात, अंगावर बारीक पिवळट धूळ बसते, पण सगळी करामत समोर दिसते. आधी चाळण्या, त्यात काडी, माती, पोचट उडून जातं. मग खडे वेगळे करणारं यंत्र. ते थरथरत्या तिरक्या जाळीवर खालून हवा सोडतं, हलका भात तरंगत एका बाजूला जातो आणि जड खडा दुसऱ्या. पुढे दोन रबरी रोलर वेगवेगळ्या गतीनं फिरतात, त्यांच्यात टरफल निघतं आणि तूस पंख्यानं बाहेर फेकलं जातं. उरतो तो तांबूस तांदूळ. तिथून पॉलिश.

"किती मारू आजी?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"एक हात," सासूबाई म्हणाल्या. "आरशासारखा नको, खायचाय."

पॉलिश जितकं जास्त तितका तांदूळ पांढरा, टिकायला बरा आणि सत्त्वाला हलका. कमी पॉलिशचा तांदूळ लवकर खराब होतो, कारण वरच्या कोंड्यात तेल असतं, ते खवट होतं. म्हणजे कमी पॉलिश हवं असेल तर साठवणीची काळजी आपल्या गळ्यात. आमच्या इमारतीतल्या एका बाईंना शुभ्र तांदूळ हवा होता. त्यांच्या वाट्याचा वेगळा, दोनदा काढला. त्यांनी चव कुठे जाते असं विचारू नये, एवढंच.

पहिला तांदूळ बाहेर पडला तेव्हा सासूबाईंनी नव्या सुपात झेलला आणि पाखडायला घेतला. सुपाच्या टोकाला कणी जमायला लागली. नेहमीपेक्षा जास्त. पावसानं दिलेल्या चिरा इथं दिसल्या, गाळ्यातून घेतलेल्या इंद्रायणीत विशेषच. शेतकरीणबाईचा भात बराच धड निघाला. सहा क्विंटल भाताचा चांगल्या वर्षी चार क्विंटलच्या आसपास तांदूळ मिळतो, यंदा अखंड तांदूळ साडेतीन भरला आणि कणीच पन्नास किलोच्या घरात गेली. गिरणीवाल्यानं रोलरची फट थोडी वाढवून पाहिली, पुढचा माल किंचित बरा आला. त्यानं ते मनापासून केलं. घाई असती तर नसतं केलं.

कोंडा आणि तूस गिरणीत ठेवायचं, त्या बदल्यात भरडाई कमी लावायची, असा सौदा झाला. तूस भट्ट्यांना जळणाला जातं, कोंडा गुरांना आणि तेलाच्या गिरण्यांना. कणी मात्र सासूबाईंनी एक मूठही सोडली नाही. छोट्या हत्तीत कट्टे चढले आणि त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या, मी मागून एसटीनं.

घरी आल्यावरचं काम लोक विसरतात. गिरणीतून आलेला तांदूळ गरम असतो, तो तसाच डब्यात बंद केला की घाम धरतो. आम्ही हॉलमध्ये जुन्या चादरी अंथरून रात्रभर पसरला. उन्हात नाही, सावलीतच, कारण उन्हात तांदूळ तडकतो. मग चाळून, सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थरांमध्ये घालून पिंपात भरला. थोडा भात दर वर्षी तसाच राखून ठेवावा, असंही सासूबाईंचं म्हणणं आहे. टरफलासकट तो वर्ष-दोन वर्षं छान राहतो आणि जुना झाला की पुलावाला मोकळा होतो. फ्लॅटमध्ये कणगी कुठं ठेवणार, म्हणून ते राहतं.

कणीवरून चार घरांत थोडी कुरबूर झाली. पन्नास किलो कणीचे पैसे का मोजायचे, असं एकीचं म्हणणं. सासूबाईंनी सगळी कणी स्वतःकडे वळती केली आणि सगळ्यांचा हिशोब त्या प्रमाणात कमी केला. दुसऱ्या दिवशी तिच्या कण्या ताकात शिजवून, वरून लसणाची फोडणी घालून वाटीवाटी चारही घरांत पाठवल्या. संध्याकाळी दोघीजणी डबे घेऊन कणी मागायला आल्या. त्यांना ती भावानं मिळाली.

नव्या इंद्रायणीला पाणी दीडपटच घालते मी, त्याहून जास्त झालं की गिच्च होते. जुन्याला दुप्पट लागतं. पहिल्या दिवशी नुसता भात, वरण आणि तूप. सासऱ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला. सासूबाईंनी चार शितं बोटांत चुरडून पाहिली आणि म्हणाल्या, "टाकेदवालीचा हा. गाळ्यावरचा पुढच्या पिंपात आहे, तो आधी संपवा."